आमच्या घरातला तिसरा ग

हे लिहायला बसले खरी, पण कुठून धरावं ते समजत नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, पाठच्या बहिणीला सांगितलं नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढं एक गाळून बोलते. देवाला ठाऊक असेल म्हणा — पण मी आपल्या तोंडानं बोलले नाही ते नाहीच. तुम्ही कोण, कुठल्या गावचे, मला माहीत नाही. म्हणूनच कदाचित जमेल. नाही जमलं तर कागद चुलीत घालीन.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. लिहायला बसलं की पुस्तकातली भाषा येते, आणि मन गडबडलं की आपली वऱ्हाडी मधे घुसते. ते चालवून घ्या.

आधी माझा एक स्वभाव सांगते, त्याच्यावाचून पुढचं कळायचं नाही. मला मळकं भांडं बघवत नाही. खामगावात आमच्या आळीत माझ्या घरासारखी पितळ कोणाकडे नव्हती. हे काही फुशारकीनं सांगत नाही — नाही, फुशारकीनंच सांगते, आता इथं खोटं कायले बोलू? हळदीकुंकवाला आलेली बाई माझ्या तांब्यात आपला चेहरा पाहून केस सारखे करायची, आणि मी आत जाऊन हसायची. नवऱ्याचं घर साधं, शेत नाही, सोनं नाही. माझ्याजवळ होतं काय? चिंच, राख आणि दोन हात.

आमचे हे जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर. कापसाचा हंगाम लागला की पहिल्या भोंग्याला घर सोडायचे ते दिवेलागणीला यायचे. गाण्याचं वेड भारी. गावात नाटक कंपनी उतरली होती, तिच्या गॅसबत्त्या ह्यांनी दुरुस्त करून दिल्या, आणि त्याबद्दल कंपनीच्या पेटीवाल्यानं आपली जुनी पेटी ह्यांना दिली. एकेरी सुरांची, लहान, कोपरे उडालेली. हे ती डोक्यावर घेऊन घरी आले. स्वतःला वाजवता येत नव्हती, आणि यंत्राच्या आवाजात वर्षानुवर्षं काढून कानही जरा बसलेले. पण आमची वच्छी होती.

वच्छी म्हणजे वत्सला, माझी एकुलती एक. तेव्हा सात वर्षांची. ती बोलायला लागायच्या आधी गुणगुणायला लागली असं मी सगळ्यांना सांगायची. भोंगा वाजला की ती तोच सूर धरून भोंगा थांबेपर्यंत ओढायची, आणि हे दारात चपला घालता घालता थांबून हसायचे. ह्यांनी ठरवून टाकलं — पोरीला गाणं शिकवायचं. आमच्यासारख्यांच्या घरात मुलीला गाणं! सासरकडचे दोन महिने बोलले नाहीत. ह्यांना त्याचं काही वाटलं नाही.

शिकवायला करीम मास्तर यायचे, जळगाव जामोदचे. सारंगी वाजवायचे. त्यांच्या भावाचं बांगड्यांचं दुकान आमच्या बाजारात लागायचं, तेव्हा बाजाराच्या दिवशी त्याच्यासोबत सर्व्हिस मोटारनं खामगावला यायचे आणि दुपारी तासभर वच्छीला घेऊन बसायचे. फार सभ्य माणूस. ओसरीवरच बसणार, माझ्याशी बोलताना नजर खाली. पेटीवर त्यांचा राग होता. स्वतः कधी तिला हात लावला नाही, सारंगीवरच शिकवायचे. पण आठवड्यातले बाकीचे सहा दिवस पोरीनं काय धरून गावं? म्हणून मग पेटी.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "भाभी, एक तास मी देईन. बाकी तुम्ही. लहान लेकराचा रियाज लेकरू करत नाही, त्याची माय करते."

मी? मला तर आरतीही सुरात येत नाही. पण त्यांनी सात पट्ट्या दाखवल्या, मी त्यांच्यावर कुंकवाची सात बोटं टेकवली, सा रे ग म पाठ केलं. एका हातानं भाता, एका बोटानं पट्टी. मी पट्टी दाबायची, वच्छीनं तो सूर लावायचा. एकेक पाठ चाळीस वेळा. मोजायला चाळीस सरक्या — आमच्याकडे सरकीला काय तोटा — एका वाटीतून दुसऱ्या वाटीत. रोज सकाळी हे जिनात गेले की आम्ही मायलेकी बसायचो. तिचं लक्ष चिमण्यांकडे गेलं की मी एक सरकी परत मागच्या वाटीत टाकायची. ती रडकुंडीला यायची, मग हसायची, मग पुन्हा गायची.

ते दिवस चांगले होते हो. हे मला सांगायलाच पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी पहिल्यापासूनच तशी. तसं नव्हतं. नऊ महिने मी तिच्याजवळ बसले. एकदा मास्तर म्हणाले, "पोरीचा कान खरा आहे, अल्लाची देन. पण मेहनत भाभीची." हे वाक्य मी कितीतरी दिवस पुरवून वापरलं. चुलीपुढे आठवायची, विहिरीवर आठवायची. मला आयुष्यात भांड्यांशिवाय दुसऱ्या कशाबद्दल कोणी बरं म्हटलं नव्हतं.

आता ते सांगते.

खांडेनवमी आली. ह्यांची हत्यारं पुजायची असायची — पान्हे, हातोड्या, कानशी. ती आदल्या दिवशी मीच घासून लख्ख करायची. हे म्हणाले, "वच्छीची पेटी बी ठेव पाटावर. ते तिचं हत्यार." आणि ते गेले बाजारात झेंडू आणायला.

मी पेटी पुसली. लाकडाला तेल लावलं. मग मला आठवलं — मागे एकदा आत झुरळ शिरलं म्हणून ह्यांनी पेटी उघडली होती, तेव्हा मी पाहिलं होतं. आत पितळेच्या बारीक बारीक पट्ट्या, आणि सगळ्या हिरव्या-काळ्या पडलेल्या. हे म्हणाले होते, "हे पेटीचे सूर. याले कोणी हात लावाचा नाही." पण देवापुढे ठेवायची वस्तू, वरून चकचकीत आणि पोटात मळ? मला ते काही केल्या बघवेना.

मी पेचकस घेतला. पेटी उघडली. आणि चिंच कालवली.

तुम्हाला गाण्यातलं कळत असेल तर तुम्ही आत्ता कपाळाला हात लावला असेल. पण मला सांगा, ती पितळ होती. पितळ पाहून बाई दुसरं काय करते? मी चिंधीवर चिंच घेतली, राख घेतली, आणि एकेक सूर घासला. अगदी हलक्या हातानं, मुलाचे कान पुसावेत तसं. ओल्या फडक्यानं टिपले, कोरड्यानं टिपले, उन्हात ठेवले. सोन्यासारखे दिसायला लागले. मग पेटी बंद करून एकेक पट्टी दाबून पाहिली. सा बोलला. रे बोलला. ग बोलेना.

पुन्हा उघडली. ग-च्या पट्टीला आत जी पितळेची जीभ असते तिच्या टोकाशी राख अडकली होती, आणि थोडा काळा डाग राहिला होता. फडकं जाईना त्या फटीत. पुढ्यात ह्यांची हत्यारं पडलेली, त्यातली सगळ्यात बारीक कानस मी उचलली आणि टोकावर फिरवली. दोन-चार वेळा. मग तो डाग जाईना म्हणून आणखी थोडी. मग भाता हलवला, पट्टी दाबली, ग बोलला. माझा जीव भांड्यात पडला. कानस पुसून जागेवर ठेवली. हे झेंडू घेऊन आले तेव्हा मी पुरणाची डाळ निवडत होते.

तो ग तेव्हा मला आधीसारखाच वाटला का? माझं सगळं इथंच गुंततं. कधी वाटतं, मला काहीच कळलं नव्हतं, कळण्याएवढा कान कुठे होता मला? आणि कधी वाटतं, त्याच क्षणी काहीतरी खटकलं होतं आणि मी पटकन भाता मिटला होता. दोन्ही आठवणी सारख्याच खऱ्या वाटतात. एवढी वर्षं झाली, मी रोज एक बाजू घेते आणि दुसऱ्या दिवशी सोडते.

दसरा झाला, सोनं वाटून झालं, रियाज सुरू झाला. सा, रे — आणि ग-वर वच्छी थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा पट्टी दाबली. ती तिचा ग गायली, पेटी आपला. ती म्हणाली, "माय, हा ग खोटा बोलते."

मी म्हटलं, "पेटी कशी खोटी बोलन? तूच नीट लाव."

"नाही वं. तो वर चढून बसला."

मी तिला चिमटा काढला. दंडावर, इथं, आतल्या बाजूला, जिथं जास्त लागतं. आजवर रियाजाला बसून मी तिला कधी हात लावला नव्हता. ती रडली नाही. नुसती पाहत राहिली. मग मी पट्टी दाबली आणि म्हटलं, "आता पेटीसारखं गा."

आणि ती गायली. पेटीसारखं. अगदी तस्सं. मी चाळीस सरक्या टाकल्या, चाळीसच्या चाळीस वेळा तिनं तो चढलेला ग लावला, केसाचा फरक नाही. आता मला कळतं, की ते करायला किती पक्का कान लागत असेल. खोट्या सुराला तस्साच खोटा सूर जुळवायचा, चाळीस वेळा! तेव्हा मला एवढंच वाटलं, की चला, ऐकली एकदाची.

बाजाराच्या दिवशी मास्तर आले. सारंगीबरोबर गाताना वच्छी ग-वर आली आणि अडखळली. त्यांनी दाखवलं, तिनं सुधारलं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पेटी, पुन्हा सरक्या. पुढच्या बाजाराला ती जास्त अडखळली. असे चार-पाच बाजार गेले. सहा दिवस मी एक शिकवायची, सातव्या दिवशी ते दुसरं. पोर ग-च्या जवळ आली की आधी डोळे मिटायची. मग तो सूर असा लावायची की धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. कधी तर तिथं नुसता श्वास सोडायची.

एक दिवस मास्तर तिला समजावत होते. म्हणाले, "बेटा, ग म्हणजे गंधार, आणि गंधार दोनच. एक कोमल, एक शुद्ध. तू हा कोणता लावते?"

वच्छी म्हणाली, "आमच्या घरी तिसरा आहे."

मास्तर हसले. मी दाराआड उभी होते, मीसुद्धा हसले. मग त्यांचं हसणं थांबलं. ते सारंगी खाली ठेवून म्हणाले, "भाभी, घरची पेटी बरी आहे न? जरा आणा. पाहतो."

पेटी आतल्या खोलीत, माझ्यापासून चार पावलांवर, फडक्याखाली होती. वच्छी उठायला लागली. मी दारातूनच म्हटलं, "पेटी नाही घरी. शेजारी भजनाले नेली. आणि पेटी चांगली आहे, कालच वाजवली. पोरीचंच ध्यान नाही, मास्तर. ही काहीही बोलत राह्यते."

वच्छीनं माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं पेटी कुठे आहे. सकाळीच आम्ही दोघींनी ती फडक्यानं झाकली होती. ती पुन्हा खाली बसली.

काऊन बोलले मी असं? तुम्ही विचाराल. मीही विचारते. ह्यांची भीती? ह्यांनी जन्मात माझ्यावर हात उगारला नाही. फार तर म्हणाले असते, "अवं, पितळ दिसली की घासलीच काय?" आणि हसले असते, आणि आठ दिवसांत कोणाकडून तरी सूर बसवून आणला असता. मग ते हसणं मला नको होतं का? की मास्तरांनी "मेहनत भाभीची" म्हटलं होतं ते परत घेतलं जाईल याची भीती? की — हे लिहिताना हात थांबतो आहे — की सात वर्षांच्या पोरीला जे ऐकू येतं ते मला येत नाही, याचा मला राग आला होता? लोक म्हणतात आईला लेकराचा हेवा वाटत नाही. मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही. जे वाटलं ते या तिन्हींपैकी एक होतं, की तिन्ही होती, की नुसतं तोंडातून निघून गेलं?

तेव्हा वच्छीच्या शाळेत नागपूरहून बड्या इन्स्पेक्टरीण बाई येणार होत्या. स्वागताचं गाणं वच्छी एकटी म्हणणार हे दिवाळीपूर्वीच ठरलं होतं, मास्तरांनीच ते बसवलं होतं. ह्यांनी तिला नवं परकराचं कापड आणलं, जिनात अर्ध्या दिवसाची रजा मागून ठेवली. ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आणि त्या गाण्यात दुसऱ्याच ओळीला गंधारावर थांबायचं होतं.

आठ दिवस आधी शाळेच्या बाईंनी तिला गायला लावलं. दुसऱ्या ओळीला वच्छीचा आवाज गेला. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी बाकीच्या मुली हसल्या. बाईंनी दुसरी मुलगी पुढे घेतली आणि वच्छीला मागच्या रांगेत उभं करून सांगितलं, तू नुसते ओठ हलव. बाईंची त्यात काय चूक? त्यांना गाणं पार पाडायचं होतं.

ह्यांना रजा मिळालेली होती, म्हणून हे गेले. परत आले तेव्हा वच्छी ह्यांच्या खांद्यावर झोपलेली होती. हे म्हणाले, "पोरीचा परकर चांगला दिसत होता." एवढंच. जेवायला बसले आणि भाकरी तशीच ठेवून उठले.

त्यानंतरच्या बाजाराला मास्तर आले, पण सारंगी खोळीतून काढली नाही. ह्यांना मुद्दाम थांबवून घेतलं होतं. म्हणाले, "भाऊ, माझंच चुकलं. मी घाई केली. कान खरा समजलो, पण कान कच्चा आहे. आता जबरी केली तर पोरगी गाण्याचा द्वेष करन." हे म्हणाले, "बरं." मास्तरांनी वच्छीच्या डोक्यावर हात ठेवला. ती माझ्या लुगड्याला धरून उभी होती. तिनं हळूच विचारलं, "माय, कच्चा कान म्हणजे?"

मी तिथंच होते. चार माणसं होतो आम्ही त्या ओसरीवर, आणि खरं काय ते एकटीला मला माहीत होतं. तोंड उघडायचं होतं फक्त. मी म्हटलं, "काही नाही. जाय, खेळ."

पण तेव्हा तरी मला पक्कं माहीत होतं का? मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं, की नव्हतं. मला काय कळतं सुरातलं, असेल पोरीचाच कान कच्चा, मास्तरांसारखा माणूस उगाच बोलेल का. हे समजावणं मला फार दिवस पुरलं असतं. पण उन्हाळ्यात शेजारच्या आळीतल्या भजनी मंडळातला एक म्हातारा खरोखरच आमची पेटी मागून घेऊन गेला. मी तेव्हा जे खोटं बोलले होते ते असं सहा महिन्यांनी खरं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पेटी परत द्यायला आला. हे घरी नव्हते. तो म्हणाला, "बाई, याचा गंधार कोणं खरडला? टोकाले कानस फिरली हाये. सूर चढला पार. द्या मले दोन दिवस, बसवून आणतो. एवढ्याशानं होते."

एवढ्याशानं. मी म्हटलं, "राहू द्या. आता कोणी वाजवत नाही."

त्यानंतर मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. त्या दुपारी वच्छी अंगणात सागरगोटे खेळत होती. मी तिला हाक मारू शकले असते. म्हणू शकले असते, की बाई, तुझं बरोबर होतं, पेटीच खोटी बोलत होती, तुझ्या मायनं तिला खोटं बोलायला शिकवलं. आठ वर्षांची पोर, तिनं काय केलं असतं? हसली असती. पुन्हा गायला बसली असती. मास्तर दर बाजाराला गावात येतच होते. मी पेटी फडक्यात बांधली आणि माळ्यावर टाकली. ह्यांना वाटलं, पोरीला दिसून वाईट वाटू नये म्हणून मी ठेवली. म्हणाले, "बरं केलं."

वच्छी मोठी झाली, चांगली झाली. शेगावला दिली. माणसं चांगली आहेत. पण ती गात नाही. पाळण्याला बायका गातात, लग्नात गातात, दळताना कोणीही गातं — ती गात नाही. आरतीला उभी राहते आणि ओठ हलवते. मी शेजारी उभी असते, मला माहीत असतं तिचा आवाज निघत नाही. कोणी आग्रह केला की हसून म्हणते, "मले कान नाही. माह्या मास्तरनंच सांगितलं होतं." आणि हे ती इतक्या सहज सांगते, जसं कोणी सांगावं की मला वांगं चालत नाही.

हे गेल्या सालीच वारले. शेवटच्या दुखण्यात एकदा म्हणाले, "वच्छीले मी उगाच त्या गाण्याच्या भरीस पाडलं. लेकराची फजिती केली." मी पाय दाबत होते. पाय दाबत राहिले. माणूस ते ओझं घेऊन गेला, आणि ओझं होतं माझं.

आता कालचं सांगते, आणि कालचं झालं नसतं तर मी हे लिहायला बसलेच नसते. वच्छी माहेरपणाला आली आहे. तिची नली पाच वर्षांची. नली माळ्यावर चढली आणि तिला पेटी सापडली. खाली ओढून आणली. धूळ पुसली तर पट्ट्यांवर माझी कुंकवाची बोटं अजून दिसतात, फिकी, तपकिरी. वच्छी क्षणभर पेटीकडे पाहत राहिली, मग हसली. म्हणाली, "माय, तूच बस हिच्याजवळ. मले तर काही समजत नाही. तुले येते न ते सात सुरांचं."

मी बसले. भाता हलवला. मला वाटलं होतं एवढ्या वर्षांत पेटी मुकी झाली असेल. नव्हती. नली कुंकवाच्या बोटांवर बोट ठेवत गेली. सा. रे. वच्छी आत भाकरी थापत होती, त्याचा थप्‌थप् आवाज येत होता. नलीनं ग दाबला, आणि तो आवाज थांबला.

थांबला म्हणजे थांबलाच. मग आतून वच्छी म्हणाली, "माय, हा ग —"

मी वाट पाहिली. भाता हलवायचा राहूनच गेला. मनात म्हटलं, बोल, बाई, बोल. तू बोलली की मी बोलते.

नली माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, "आजी, बरोबर हाये न?"

"हाव," मी म्हटलं. "बरोबर हाये."

मी म्हटलं ते. दुसऱ्या कोणी नाही. एवढी वर्षं घोकून ठेवलं होतं ते सगळं घशाशी होतं, आणि निघालं हे.

आत वच्छी हसल्यासारखी झाली. म्हणाली, "पाह्य. मले वाटलं खोटा वाजून राह्यला. माह्याच कानाचं असंन ते." आणि भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

नलीनं विचारलं, किती वेळा म्हणायचं. मी म्हटलं, चाळीस. ती सरक्या मागायला लागली. मी उठले, डब्यातून काढल्या, आणि तिला चाळीस मोजून दिल्या.